तीन महिन्यांच्या गोळ्या आणि बाकावरच्या गप्पा

सुरंगी | २७ ऑगस्ट २०२०, रात्री ११:४०

हा आयडी नवा आहे. जुन्या आयडीने मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. कुणी लिहिण्यावरून ओळखलंच तर कृपया ओळख दाखवू नका.

आज गौरी-गणपती पोचवले. दरवर्षी घर भरलेलं असतं, यंदा आम्ही तिघंच. मुलगा फोन घेऊन पडवीत, सासूबाई आडव्या झाल्यात. आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

मी एचआयव्हीसह जगते. २००९ पासून गोळ्या चालू आहेत. मिस्टर मुंबईला कामाला होते, ते त्याच वर्षी गेले. आमसुलं, आगळ आणि फणसाच्या साठांवर घर चालतं. सासूबाईंना माहीत आहे. मुलाची तपासणी लहानपणीच झाली, तो निगेटिव्ह आहे, पण माझं त्याला माहीत नाही. दहावीचा शेवटचा पेपर झाला की सांगायचं ठरवलं होतं. शेवटचा पेपर भूगोलाचा, तो सरकारने रद्द केला. माझं सांगणंही त्याच्याबरोबर गेलं.

आता मुद्दा. दर महिन्याला मी सहाच्या एसटीने जिल्ह्याच्या एआरटी केंद्रावर, म्हणजे या गोळ्या मिळतात तिथे, जायची. गावात सांगायचं, व्यापाऱ्याला आमसुलं द्यायला जाते. खोटं नको म्हणून पिशवीत दोन किलो आमसुलं खरंच असायची. तिथे बाकावर आम्ही चौघी ठरलेल्या. एकमेकींचं नाव-गाव विचारायचं नाही, फोन नंबर घ्यायचा नाही, असा आमचा अलिखित करार. एक जण डब्यात रस-घावणे आणायची, ती घावणेताई. मी आमसूलताई. नंबर येईपर्यंत दोन-अडीच तास जायचे. गोळ्यांनी पडणारी स्वप्नं, पायाच्या बोटांना येणाऱ्या मुंग्या, कुणाच्या जावेने काय टोमणा मारला, सगळं तिथे निघायचं. महिन्यातले तेवढेच अडीच तास मी काहीही न लपवता बसायची.

मार्चमध्ये कोरोनामुळे एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. बरं वाटलं. जूनमध्ये केंद्राच्या एक ताई तालुक्याच्या फाट्यावर येऊन पुढच्या तीन महिन्यांच्या देऊन गेल्या. एकही गोळी चुकलेली नाही, सरकारला नाव ठेवायला जागा नाही. पण मी ठीक नाही. रात्री तीनला जाग येते ती येतेच. रडू येत नाही. मुलावर विनाकारण ओरडते. यंदा आमसुलांचं शेवटचं पूट उन्हात घालायचं विसरले आणि वादळाच्या पावसात सगळ्या तट्ट्याला बुरशी धरली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आणि घावणेताई. मंडणगड-दापोलीकडची कुठली तरी, घर अगदी किनाऱ्याला माडांत आहे एवढंच एकदा बोलली होती. ३ जूनला निसर्ग वादळ तिथूनच गेलं. ती कशी आहे हे मला कळायला काही मार्ग नाही. केंद्रात विचारलं तर सांगणार नाहीत, आणि सांगू नयेच.

असं आणखी कुणाचं होतंय का?

---

रोखठोक | २८ ऑगस्ट २०२०, सकाळी ८:१५

ताई, सहानुभूती आहे. पण स्पष्ट बोलतो, या वर्षी कोण ठीक आहे? माझा पगार निम्मा झाला, शेजारचे काका चार दिवसांत गेले. गोळ्या घरपोच मिळतायत, आणखी काय हवं? प्रत्येक आजाराचा वेगळा धागा काढायचा का?

---

अळूवडी | २८ ऑगस्ट २०२०, सकाळी ९:०२

रोखठोक, तुमच्या काकांचं सगळ्या आळीला सांगता आलं, सांत्वनाला फोन आले. हिला शेजारणीकडे जाऊन "मला झोप नाही" एवढंच सांगता येईल. का नाही, ते सांगता येणार नाही. फरक तिथे आहे.

(सुरंगी, घावण्यांबरोबरचा रस गुळाचा की साखरेचा हे मी विचारणार नाही, पण विचारावंसं वाटलं.)

---

सुरंगी | २८ ऑगस्ट २०२०, दुपारी २:३०

गुळाचा. वेलची नाही, जायफळ.

---

मचवो | २८ ऑगस्ट २०२०, रात्री ९:५०

ताय, तुमी लिवलास ता घरकारणीक वाचून दाखयलंय. ती म्हणता, ही तर आपलीच गजाल. आमी देवगडाकडचे. माझा सगळ्या गावाक म्हायत आसा. २०१२ साली एका मेल्यान फोडल्यान. तेव्हा वाडीतले लोक माझ्या हातचो पाण्याचो पेलो घेयत नसत.

आता मे म्हयन्यात वाडीत मुंबैसून इलेल्या एका घरात कोरोना निघालो. लोकांनी घराफुडे आडवे बांबू बांधल्यानी, विहिरीर येव नको म्हणान सांगल्यानी. सगळी वाडी घाबारलेली, कोणी कसा वागाचा ता म्हायत नाय. माका मात्र सगळा म्हायत, मी त्या शाळेतलो जुनो विद्यार्थी. रोज दोन कळशे पाणी आणि बांगड्यांची कडी बांबवापलीकडे ठेवन येय होतंय. त्या घरातलो म्हातारो तोच, २०१२ साली माझ्या हातचो पेलो न घेतलेलो. कडी खाल्ल्यान. टोप घासून धाडल्यान. बोललो काय नाय, मीया पण काय बोलाक नाय.

तुमी लपवन ऱ्हवतास म्हणान दमतास. मी उघडो पडलंय म्हणान दमलंय. दोनय वायटच. पण आता झोप लागता हां.

---

पालखीचा_भोई | २९ ऑगस्ट २०२०, रात्री १२:२०

मीही त्यातलाच. मुंबईत कामाला, मे महिन्यात गावी आलो. कशेडीच्या नाक्यावर बॅग उघडायला लावली. डबी हातात घेऊन "कसली औषधं?" मी म्हटलं बीपी. त्याने डबी हलवून पाहिली. ज्यांनी ती डबी पाहिलीये त्यांना माहीत असेल, तीस गोळ्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये खुळखुळ्यासारख्या वाजतात. तिथून पुढे सगळा प्रवास मी त्या आवाजाचाच विचार करत केला.

मग चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत. चौथीचा वर्ग, नऊ माणसं, भिंतीवर बाराखडी. डबीत कापूस कोंबला तरी आवाज यायचाच. गोळी रात्री घ्यायची, आणि रात्री तर सगळे पत्ते खेळत जागे. मोबाइलच्या उजेडात संडासात जाऊन घ्यायचो. दोन रात्री जमलंच नाही. पाचव्या दिवशी शेजारचा गाववाला म्हणाला, "दादा, मलापण बीपी आहे नि गोळ्या संपल्या. तुमच्यातली एक द्या ना." आता हसू येतं. तेव्हा घाम फुटला होता. म्हटलं माझी वेगळ्या पॉवरची आहे.

कोरोनाची भीती मला वाटलीच नाही असं नाही, पण ती दुसऱ्या नंबरवर होती.

---

कागदी_होडी | २९ ऑगस्ट २०२०, सकाळी ७:१०

मी समुपदेशक आहे, कोकणातच, कुठल्या केंद्रात ते लिहीत नाही. सुरंगीताई, काल रात्री तुमची पोस्ट तीनदा वाचली.

आधी पहाटे तीनच्या जागेचं. २००९ पासूनच्या गोळ्यांत आता बहुतेक एफाविरेंझ हे औषध असेल, रात्रीची एकच गोळी असते त्यात. तिच्याने विचित्र, अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडतात, झोप मोडते, आणि काहींचं मनही त्यामुळे खाली जातं. बरीच वर्षं घेतल्यावर आत्ताच कसं, असं वाटेल. पण मन आधीच थकलेलं असेल तर जुनाच त्रास डोकं वर काढतो. तेलकट जेवणावर लगेच घेऊ नका, पोट थोडं रिकामं झाल्यावर झोपतानाच घ्या. स्वतःहून बंद तर मुळीच करू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना "स्वप्नं आणि उदासी" या दोन शब्दांत सांगा. डोल्युटेग्राविर असलेली नवी गोळी आता टप्प्याटप्प्याने येते आहे, तुमच्यासाठी ती योग्य आहे का ते ते बघतील.

पालखीचा_भोई, डबीत मूळची जी छोटी पुडी असते ती टाकू नका आणि गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत गोळीतलं टेनोफोविर हे औषध ओल धरतं. आवाजावर उपाय म्हणजे डबी मोज्यात घालून ठेवणे. हसू नका, आमच्याकडे बरेच जण हेच करतात. आणि दोन दिवस चुकले हे केंद्रात सांगा, कुणी ओरडणार नाही. ओरडलं तर ती आमची चूक.

आता खरं बोलते. तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायचं ठरलं तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. गर्दी कमी झाली, लोकांची पायपीट वाचली, संसर्गाची भीती टळली. निर्णय बरोबरच होता. पण बाकावर काय चालतं हे आम्ही कधी नोंदवहीत लिहीतच नाही. गोळ्या किती उरल्या ते मोजतो. तुम्ही चौघी दर महिन्याला एकाच तारखेला का येता, हे इतक्या वर्षांत तुमच्या केंद्रातल्या कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मीही माझ्याकडच्यांना विचारलं नव्हतं.

घावणेताईंबद्दल. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तिची माहिती तुम्हाला देणं त्याच्यात बसत नाही. पण उलट दिशेने चालतं. तुम्ही चिठ्ठी लिहून केंद्रात द्या, हवा तर नंबर घाला. ती आली किंवा तिला गोळ्या पोचल्या की चिठ्ठी तिच्या हातात पडेल. उत्तर द्यायचं की नाही ते ती ठरवेल.

---

भरती_ओहोटी | २९ ऑगस्ट २०२०, सकाळी १०:४५

एक शंका. एचआयव्हीच्या गोळ्या कोरोनावर चालतात असं मार्चमध्ये सगळीकडे फिरत होतं. मग या लोकांना कोरोना होत नाही का?

---

कागदी_होडी | २९ ऑगस्ट २०२०, दुपारी १:००

होतो. लोपिनाविर-रिटोनाविर नावाची जोडी जयपूरमध्ये काही रुग्णांना दिली होती, ती बातमी फुगली. नंतर मोठ्या चाचण्यांत तिचा उपयोग दिसला नाही, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतून ती काढून टाकली. आमच्याकडे मात्र महिनाभर दोन प्रकारचे फोन: "आमच्या गोळ्या संपवतील का?" आणि "आम्हाला काहीच होणार नाही ना?" ज्यांच्या गोळ्या नियमित, सीडी४ (प्रतिकारपेशींची संख्या) चांगला आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला, त्यांना इतरांपेक्षा फार जास्त धोका असल्याचं आत्तापर्यंत दिसलेलं नाही. तरी मास्क लावाच.

---

सुरंगी | २९ ऑगस्ट २०२०, रात्री १०:१५

तो मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवरही आला होता. "एड्सच्या गोळ्यांनी कोरोना बरा." शेजारचा पुतण्या हसत म्हणाला, "आता त्या गोळ्या मिळवायच्या कुठनं?" आमच्या कपाटात पितळी डब्याच्या मागे नव्वद गोळ्या होत्या. मी चहा गाळत होते. गाळणं हातातून पडलं आणि मी म्हटलं, साखर संपली वाटतं.

चिठ्ठीचं करते.

---

रोखठोक | ३० ऑगस्ट २०२०, सकाळी ७:४०

परवा जरा जास्तच बोललो. विचारायचं होतं. माझ्या मावसभावाला हे आहे. तो लॉकडाऊनपासून आमच्याकडेच आहे. आई त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवते. तो काही बोलत नाही. पण हल्ली जेवायलाच उशिरा येतो, सगळे उठल्यावर. चुकतंय का आमचं?

---

मचवो | ३० ऑगस्ट २०२०, सकाळी ७:५२

होय.

---

कागदी_होडी | ३० ऑगस्ट २०२०, सकाळी ११:३०

ताटातून, पाण्यातून, संडासातून, डासातून पसरत नाही. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातूनही पुढे जात नाही. आईंना व्याख्यान देऊ नका. उद्या तुम्हीच त्याच्या ताटात जेवा, आई बघत असताना. तो गोळ्या घेतोय का तेही जरा बघा. उशिरा जेवणं, आंघोळ टाळणं, "काय फरक पडतो" असं म्हणणं, ही सुरुवात असते. मग पुढे गोळ्या सुटतात. त्याला कुणाशी बोलायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही.

---

सुरंगी | २२ सप्टेंबर २०२०, संध्याकाळी ६:०५

आज "माझं कुटुंब, माझी जबाबदारी"वाल्या, कोरोनासाठी घरोघर तपासणाऱ्या, आल्या. आशाताई आणि दोन पोरं. कपाळावर ताप मोजायचं पिस्तूल, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. मग वही काढून, "घरात कुणाला काही जुना आजार? शुगर, बीपी, किडनी, कॅन्सर?" अंगणात, पायरीवर, पलीकडे जाऊबाई वाळवणं काढत असताना.

मी गप्प. सासूबाई म्हणाल्या, "माझे गुडघे लिही." आशाताई म्हणाली, गुडघे यात नाहीत आजी. "मग कसली तुमची यादी?" असं म्हणून दहा मिनिटं त्यांनी गुडघ्यांवर काढली. पोरं कंटाळून पुढच्या घरी गेली.

अकरा वर्षांत सासूबाई माझ्याशी या विषयावर एक वाक्य बोललेल्या नाहीत. आज रात्री दूध देताना म्हणाल्या, "तुझं ते आणायला कधी जायचंय?"

---

अळूवडी | २२ सप्टेंबर २०२०, रात्री ८:००

आजींच्या गुडघ्यांना माझा नमस्कार सांगा.

---

सुरंगी | ९ मार्च २०२१, रात्री ९:३०

धागा वर काढते, सल्ला हवा आहे. १ तारखेपासून ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली. मी ४६ ची. वीस आजारांच्या यादीत एचआयव्ही आहे, म्हणजे माझा हक्क आहे. पण डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर आजार लिहिलेला असतो, आणि लसीच्या टेबलावर बसलेली मुलगी मिस्टरांच्या चुलतभावाची सून आहे. जीव वाचवायचा कागद तिच्या हातात कसा देऊ?

---

पालखीचा_भोई | ९ मार्च २०२१, रात्री १०:१०

दुसऱ्या तालुक्यात जाऊन घ्या. ऑनलाइन नोंदणीत केंद्र निवडता येतं. आमच्याकडे एकाने तेच केलं, तर नेमका तिथे त्याचा शाळासोबती रांगेत. कोकणात माणूस लपू शकत नाही हो, फार तर पुढच्या गाडीने जाऊ शकतो.

---

कागदी_होडी | १० मार्च २०२१, सकाळी ८:२०

जिल्ह्याच्या ठिकाणी घ्या, गोळ्यांच्याच दिवशी. किंवा थोडं थांबा, वयाची अट आणखी सैल होईल असं वाटतं. पण आकडे पुन्हा वाढतायत, फार थांबू नका.

---

सुरंगी | २ एप्रिल २०२१, दुपारी ४:००

थांबले, आणि सुटले. कालपासून ४५ वरच्या सगळ्यांना खुली झाली, कागद नाही काही नाही. चुलतसुनेनेच टोचलं. "काकू, काही आजार वगैरे?" मी म्हटलं, यादीत नसलेले गुडघे.

ताप आला एक दिवस. मुलाने पेज केली. त्या रात्री त्याला सांगितलं. ठरवून नाही, तापात बोलून गेले असं म्हणा. तो बराच वेळ पेजेत चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, "ते पितळी डब्यामागचं ना? मला आठवीपासून माहीत आहे." डबीवरचं नाव त्याने शोधून पाहिलं होतं.

तीन वर्षं तो कुणाशी बोलला असेल, हाच विचार करत बसलेय.

---

मचवो | २ एप्रिल २०२१, रात्री १०:३०

पोरगो तुमच्यावर गेलो. आता तेका बाकार बसवा एकदा.

---

रोखठोक | ४ एप्रिल २०२१, सकाळी ९:००

मावसभाऊ आता आमच्याबरोबरच जेवतो. आई अजून ताट वेगळंच घासते, पण वाढते एकत्र. वर्षभरात एवढंच जमलं.

---

सुरंगी | २० मे २०२१, सकाळी ११:००

तौक्ते वादळात पत्रे गेले, माणसं ठीक. तीन दिवस वीज नव्हती. गोळ्या मोज्यात घालून तांदळाच्या पिंपात ठेवल्या होत्या, कोरड्या राहिल्या. एवढंच कळवते, फोन चार्ज नाही.

---

सुरंगी | १५ नोव्हेंबर २०२१, रात्री ८:४५

आज केंद्रावर गेले होते. नवी गोळी चालू होऊन पाच महिने झाले. स्वप्नं थांबली. पहाटेची जाग अजून आहे, पण रोज नाही.

बाकावर अजून चिकटपट्टीच्या फुल्या आहेत. एकीआड एक बसायचं. चौघींतल्या दोघीच होतो. आणि चिठ्ठीचं उत्तर आलं! वर्षानंतर. तेही तोंडी, समुपदेशक ताईंकडून. वादळात घावणेताईचं घर बसलं, ती माहेरी गेली आणि तिचं नाव तिकडच्या लिंक केंद्रात (एआरटीच्या जोडकेंद्रात) बदली झालं. नंबर दिला नाही, करार पाळला बाईने. निरोप एवढाच: "आमसूलताईला सांगा, तवा शाबूत आहे."

ताईंसमोरच हसत सुटले. मग बाहेर जिन्यात येऊन रडले. दीड वर्षात पहिल्यांदा. मुलगा पिशवी धरून उभा होता, त्याला वाटलं रिपोर्ट वाईट आला.

---

अळूवडी | १५ नोव्हेंबर २०२१, रात्री ९:२०

आता मी पण.

---

काजूची_बी | १६ नोव्हेंबर २०२१, रात्री १:०५

नमस्कार. एक वर्ष हा धागा नुसता वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते. मार्चमध्ये गरोदरपणाच्या तपासणीत कळलं. गोळ्या चालू आहेत. बाळ दीड महिन्याचं झालं, त्याची पहिली तपासणी झालीये, रिपोर्ट यायचा आहे. नवऱ्याला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. गोळ्या आणायला जाते तेव्हा खाली बघत रांगेत उभी राहते आणि पहिल्या गाडीने परत येते. तुमच्या वर्णनावरून आपलं केंद्र एकच असावं असं वाटतं. जिन्याजवळचा निळा बाक?

तुमचा वार कोणता, ताई?

---

सुरंगी | १६ नोव्हेंबर २०२१, सकाळी ५:५०

इथे नको. व्यक्तिगत निरोप केलाय, बघ. घावणे मला जमत नाहीत, पातोळे चालतील का?